बारा कॅमेरे आणि चौकटीवरची किल्ली

“चार वाजून दहा! हेमराज, पडद्यावरचं ते चक्र अजून फिरतंच आहे का?”

“फिरूनच राहिलं! आतापर्यंत भोवळ आली असेल त्याले!”

रेणूला हसू आलं नाही. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात संगणकासमोर बसलेल्या मोनालीताईने ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती. तिचा गोंदियाला नर्सिंगला नंबर लागला होता. वसतिगृहाचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, आणि मुदत पाचपर्यंत! मामांनी साफ सांगितलं होतं, “वसतिगृह भेटलं तर जा. भाड्याच्या खोलीत एकटी ठेवणार नाही.”

रेणू दिवाळीच्या सुट्टीत मुर्रीहून मामाकडे बेहडाटोल्याला आली होती. मोनालीताई, हेमराज आणि धाकटा टिंकू ही तिची मामेभावंडं. गावात मोबाइलची रेंज म्हणजे आंब्याखाली एक काडी, तीही वारा आला की गुल! आणि आज मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. नेटसाठी नवेगावला जावं, तर एकही ऑटोवाला निघायला तयार नव्हता.

केंद्र चालवणारे देवानंदभाऊ जिलेबी खात म्हणाले, “सणासुदीले नेट असंच रायते. सगळे मोबाइल पाहून राहिले असतील.”

“पण भाऊ, सगळे तर मंडईत आहेत!” रेणू म्हणाली.

आणि तिची नजर भिंतीवरच्या नेटच्या डब्यावर खिळली. त्याचे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. तिने दुसरा संगणक बंद केला. देवानंदभाऊंच्या फोनचं वायफाय बंद करायला लावलं. मोनालीताईनेही हात आवरला. तरी दिवे थांबेनात!

“आपण सगळे गप्प,” रेणू पुटपुटली, “मग हा एवढा कोणाशी बोलून राहिला?”

डब्यातून एक काळी वायर वर गेली होती. महिन्यापूर्वी गावात बसवलेल्या बारा कॅमेऱ्यांची.

“भाऊ, ही दोन मिनिटं काढून बघू?”

“खबरदार! गर्दीत चोरीबिरी झाली तर सरपंचबाई मलेच धरतील!”

रेणूने टिंकूच्या कानात काहीतरी सांगितलं. टिंकूचे डोळे चमकले. तो बाहेर पळाला, आणि क्षणात भिंतीवरच्या, कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणाऱ्या टीव्हीत एक चौकोन काळा झाला. ओट्यावर चढून पठ्ठ्याने कॅमेऱ्यावर गमछा टाकला होता!

“ए टिंक्या! उतर खाली!” देवानंदभाऊ धावले. टिंकू गर्दीत घुसला, भाऊ त्याच्या मागे!

हेमराजने वायर ओढली.

दिवे शांत झाले. आणि चक्र थांबलं!

“पान उघडलं!” मोनालीताई ओरडली. “फोटो जाऊन राहिला... गेला! आता गुणपत्रिका...”

तेवढ्यात टिंकूचा कान धरून देवानंदभाऊ परत आले. लोंबणारी वायर पाहून त्यांचा चेहरा लालबुंद! ते डब्याकडे झेपावले, तशी रेणू आडवी उभी राहिली.

“भाऊ, एकच गोष्ट सांगा! मंडईत रुख्माकाकूच्या भज्यांच्या दुकानावर दोनशे जणांनी जाऊन नुसतं ‘काय भाव, काय भाव’ केलं, घेतलं काहीच नाही, तर?”

“झाऱ्यानं मारेल ती!”

“कोणाकोणाला मारेल? एक जण असता तर हाकलला असता. दोनशेंत खरं गिऱ्हाईक कोणतं, कसं कळणार? भुकेला माणूस मागेच राहील. तुमचे कॅमेरे तेच करत आहेत! दुरून कोणीतरी हुकूम सोडतो, आणि हजारो कॅमेरे एकाच दारावर जाऊन धडकतात. आमच्या संगणकाच्या सरांनी शिकवलंय. आपल्या बारांनी बाहेर जायचा रस्ता अडवला, म्हणून ताईचा अर्ज निघेना!”

“पण माझे कॅमेरे त्याचं ऐकतील काऊन?”

“पासवर्ड कोणता ठेवलात?”

“खोक्यावर होता तोच. बदलला की विसरायले होते!”

“आणि तसल्या प्रत्येक खोक्यावर तोच छापलेला!”

“म्हणजे चौकटीवरची किल्ली!” हेमराज उडालाच. बेहडाटोल्यात कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवायची रीत होती. “पण आपली किल्ली गावालेच माहीत असते. ही तर साऱ्या जगाले!”

“झालं!” मोनालीताईने टाळी वाजवली. “अर्ज मिळाला, सोमवारी राहायला या म्हणून लिहून आलं!”

चार वाजून चाळीस!

रेणूने डब्याची नोंद उघडून दाखवली. बारा कॅमेरे, आणि बाराही नेटवरच्या एकाच पत्त्यावर धडकलेले! देवानंदभाऊंनी उरलेली जिलेबी बाजूला सारली. त्यांनी बाराही कॅमेरे बंद केले, वायफायवरून कॅमेरेवाल्याला फोन लावून एकेकाचा पासवर्ड बदलला आणि सायबर पोलिसांना कळवलं.

दिवेलागणीला सरपंच दुर्पताबाई मामांच्या अंगणात आल्या. “पोलिसांचा फोन होता. तो पत्ता एका दूरच्या दवाखान्याचा. सकाळपासून तिथं रोग्यांना नंबरच लावता येत नव्हता. हल्ला अजून सुरूच आहे म्हणतात, पण आपले बारा तरी कमी झाले. या पोरांनी गावाची लाज राखली!”

सुशीलामामींचं कार्तिकाचं व्रत होतं. तुळशीपाशी दिवा लावता लावता त्या थबकल्या. “नकळत कोणाले पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. आज साऱ्या गावाचा पाय लागला त्या आजारी लोकांले.” त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

मामांनी रेणूच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी, सोमवारी मोनालीले सोडायले गोंदियाले मी स्वतः जातो. तिथं वसतिगृहात तुझ्यासारख्या पोरी सोबतीले असतील, मग भेव कायचं?”

मोनालीताईने ओढणीत तोंड लपवलं. हसत होती की रडत, कळेना!

मामी मात्र उठल्या. चौकटीवरची किल्ली काढून त्यांनी तुळशीच्या दिवळीत, दिव्यामागे अगदी आत सरकवली. मग फाटकातून निघालेल्या सरपंचबाईंना त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

“दुर्पताबाई! किल्ली आता तुळशीच्या दिवळीत ठेवली हो! कोणाले लागली तर घ्या!”

हेमराजने कपाळाला हात लावला. “रेणू, आता आईचाही पासवर्ड तूच बदल!”