घोट्यावरचा काळा डाग

घोट्यावरून लुगडं सारताच सोमारीच्या काळजात धस्स झालं... जुनी जखम जिथं भरून आली होती, तिथलंच कातडं पुन्हा काळंनिळं, ताणलेलं, चकाकणारं झालं होतं!

ती जखम कैक महिने वाहत होती. गाव तिला महारोग म्हणू लागलं, अन् सून कुंतानं तान्ह्या नातवाला सासूच्या मांडीवर द्यायचंच सोडलं. शेवटी लेक दादाजीनं आईला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. "महारोग नाही हा, बाई," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या शिरा थकल्यात. जखम भरेल, पण जपलं नाही तर पुन्हा फुटेल. सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी पट्टी बांधायची, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. दुपारी पाय उंच ठेवून पडायचं. तेल लावायचं, खाजवायचं नाही."

सोमारीनं ते व्रतासारखं पाळलं, नातूही मांडीवर परतला. पण ऐन धानाच्या रोवण्यात दादाजी तापानं फणफणला, अन् गाठोड्यावर पाय टाकून पडलेल्या सासूला पाहून कुंता कडाडली, "राणीवानी पडून राह्यल्या! मी एकटीच मरू का बांदीत?"

सोमारी उठली. चिखलात भिजेल म्हणून पट्टी सोडून ठेवली, अन् रोज दिवसभर बांदीच्या गाळात वाकून धान रोवू लागली.

आणि आता हा डाग! फुटला तर... पुन्हा तो वास, त्या माशा, पुन्हा ते लेकरू दूर! तिनं लुगडं खाली ओढलं. पण कुंता दारातच उभी होती.

"काय लपवून राह्यल्या, आत्याबाई?"

"काई नाई वो..."

कुंतानं लुगडं बाजूला केलं अन् ती पांढरीफटक पडली. "काऊन नाई सांगतलं मले?"

"भेव वाटलं बाई! पोराले पुन्हा दूर नेशीन म्हणून..."

कुंता तिच्या पायांशी कोसळली. "आग लागो माह्या जिभेले! मीच लोटलं तुमाले त्या चिखलात!" दोघी एकमेकींना बिलगून हमसून हमसून रडल्या.

सकाळी कुंता बांदीकडे निघाली, तशी सोमारीही सवयीनं उठायला गेली... आणि थांबली. उभ्या जन्मात पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं, "मी येत नाई, कुंता. पाय वर करून पडतो."

"पडा. अन् याले सांभाळा," म्हणत कुंतानं झोपलेलं लेकरू तिच्या कुशीत ठेवलं.

धान पिवळं होईतो डाग फिकटला. भीती मात्र गेली नाही. रोज पहाटे अंथरुणातच सोमारी श्वास रोखून घोटा चाचपायची, अन् चुलीपाशी कुंताचे हात थबकायचे.

"फुटलं नाई ना, आत्याबाई?"

"नाई वो, नाई फुटलं."

मग कुठे सोमारी पट्टी बांधायला घ्यायची, अन् कुंता चुलीत फुंकर घालायची.