चौगुले यांचं मत

प्रयोगशाळेच्या पडद्यावर त्या शुक्रवारी एकसष्टचा आकडा आला. तीन महिन्यांपूर्वी तो सत्त्याण्णव होता.

"यंत्र ठीक आहे, मी तीनदा तपासलं," संख्याशास्त्रज्ञ इरफान मोमीन म्हणाला. "माणूस बिघडलाय."

"माणूस बदलतो. बायको गेली ना त्यांची? तीन महिन्यांनी आज पहिल्यांदा सिनेमाला गेले," डॉ. विशाखा कुरणे म्हणाल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख त्या.

माणूस म्हणजे बळवंत चौगुले, इचलकरंजीचे. यंत्रमाग दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. दर शुक्रवारी सिनेमा बघायचा आणि फोनवरून दोन ओळींत मत टाकायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. प्रयोगशाळा चालवणाऱ्या चित्रपट कंपनीने लाखभर प्रेक्षकांची मतं चाळली तेव्हा आढळलं, की या एका माणसाच्या दोन ओळी आणि सगळ्या राज्याचा कल तंतोतंत जुळतो. मग त्यांच्या सहाशे मतांवरून यंत्रात एक कृत्रिम प्रेक्षक घडवला. त्याचं नाव रसप्रतिमा. आता कुठलाही चित्रपट आधी रसप्रतिमा बघते, दोन ओळी बोलते, आणि त्या ओळींवरून शेवट बदलतात, माणसं मारतात, मेलेली उठवतात. बाकीच्या कोट्यवधी लोकांना कुणी विचारत नाही. ताटात पडेल ते त्यांनी गिळायचं.

रसप्रतिमा शिळी होऊ नये म्हणून शुक्रवारचा ताळा. तोच चित्रपट चौगुले बघतात, प्रतिमाही बघते, आणि दोघांची मतं शंभरात किती जुळतात ते बघतात. जुळली नाहीत तर जिवंत माणूस खरा धरायचा. त्याच्या एका ताज्या मताला चाळीस जुन्या मतांचं वजन देऊन प्रतिमा दुरुस्त करायची.

मोमीनने दोन्ही मतं वाचली. चित्रपट लग्नाचा होता. चौगुल्यांनी लिहिलं होतं: चांगला आहे. गाणी बरी. सहकुटुंब बघावा. प्रतिमेचं मत होतं: चार दिवस लग्न चाललं. भांडी घासणारीने एकदाही मान वर केली नाही, मी तिलाच बघत होते.

"'होते' म्हणतेय," मोमीन हसला. "चौगुल्यांच्या जुन्या मतांतही हे अधूनमधून येतं. टंकनातली चूक."

कुरणेबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दोघं उच्चशिक्षित, आणि दोघांचाही हिशेब एकच: एक फोन म्हणजे एक माणूस. इचलकरंजीच्या चाळीत असं नसतं, हे त्यांना कोण सांगणार?

चौगुल्यांना बोलावलं. प्रतिमेचं मत त्यांनी दोनदा वाचलं. ते शालनचं वाक्य होतं. मरून तीन महिने झालेली शालन त्यांच्याशी बोलत होती.

सहाशेच्या सहाशे मतं तिची होती. सिनेमा सुटला की दोघं गाडीवर चहा प्यायची, ती सहज दोन वाक्यं बोलायची, आणि हे टाइप करायचे. फोन यांचा, म्हणून नाव यांचं. वर्तमानपत्रात फोटो आला यांचा. तालुक्याच्या ठिकाणी सत्कार झाला तेव्हा शाल यांच्या खांद्यावर पडली, आणि शालन खाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. तिने कधी काही म्हटलं नाही. यांनीही नाही. असल्या गप्प बसण्याला आपल्याकडे संसार म्हणतात.

चौगुल्यांनी आडून विचारलं, मतं दुसऱ्याच कुणाची निघाली तर काय करतात? कुरणेबाई म्हणाल्या, कायद्याने प्रतिमा त्याच दिवशी पुसावी लागते. संमती ज्याची त्याचीच लागते. आणि तो माणूस मेलेला असेल तर? मेलेल्याची संमती घेता येत नाही.

चौगुल्यांनी मनात हिशेब केला. खरं बोललं तर आज पुसणार. नाही बोललं तर दर शुक्रवारी त्यांची मठ्ठ मतं तिच्यावर चढत जाणार. सुटायचा रस्ता त्यांना एकच दिसला: तिच्यासारखं लिहायचं. प्रतिमा आणि आपण जुळलो, तर दुरुस्त करायला काही उरणार नाही.

त्यांनी जुनी मतं मागवली आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली. हळूहळू त्यांना तिची रीत सापडली, किंवा सापडली असं वाटलं. पडद्यावर स्वयंपाक कोण करतंय बघायचं. भांडी कोण घासतंय बघायचं. कुणाला विचारलं नाही ते लिहायचं. ताळा चढू लागला. सत्तर, ब्याऐंशी, त्र्याण्णव. मोमीन खूश होता. "काका, फॉर्ममध्ये आलात," म्हणायचा. चौगुलेही रोज दाढी करायला लागले होते. आपण बायकोला वाचवतोय, असं त्यांना वाटत होतं.

सतराव्या शुक्रवारी शंभर आले. चित्रपट एकट्या अंतराळवीराचा होता. चौगुल्यांनी लिहिलं, याचा डबा कोण भरतं? प्रतिमेनेही तेच लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण तेहतीस वर्षांत शालन आणि ते एकदाही असे जुळले नव्हते. त्यांनी मोमीनला एक जुना दरोडेखोराचा चित्रपट प्रतिमेला दाखवायला सांगितलं. तो बघून आल्यावर शालन म्हणाली होती, 'मला हा माणूस आवडला. का ते तुम्हाला सांगणार नाही.' बारा वर्षं ते वाक्य त्यांना टोचत होतं.

प्रतिमेने चित्रपट बघितला आणि लिहिलं: दरोडेखोराला जेवायला कोण घालतं ते दाखवलं नाही.

चौगुले तडक कुरणेबाईंच्या खोलीत गेले. "ती मतं माझी नव्हती," ते म्हणाले. "बायकोची होती. सगळी. मी फक्त टाइप केली. पुसून टाका तिला."

कुरणेबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग पडद्यावर हिशेब मांडून दाखवला. जुनी मतं सहाशे. न जुळलेली ताजी सोळा, प्रत्येकाचं वजन चाळीस, म्हणजे सहाशे चाळीस.

"प्रतिमा असेल तेव्हा त्यांची," त्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हाच सांगितलं असतंत तर पुसावीच लागली असती. आता ताळा शंभर आहे, चौगुले. निम्म्याहून जास्त वजन तुमचं, म्हणून कायद्याने ही तुमचीच प्रतिमा आहे, आणि तुमची संमती आमच्याकडे आधीपासून आहे."

"मी तिच्यासारखं लिहीत होतो."

"तिच्यासारखं म्हणजे तुम्हाला ती जशी वाटली तसं. यंत्र तेच शिकलं."

त्या दिवाळीला सात चित्रपट लागले. सातांतही कुणी ना कुणी भांडी घासत होतं, आणि नायक जेवायच्या आधी त्या बाईला विचारत होता. सातही चौगुल्यांना आवडले.