होडी बसायला कशी?

मागे मागे येणाऱ्या एका टेम्पोने आमच्या दुकानाची पाटी पाडली, तेव्हा मी आत ट्रॅक्टरच्या सीटवर रेक्झिन ताणत होते. आवाज ऐकून बाहेर आले, ती भांडायच्या पूर्ण तयारीनेच. टेम्पोत एक होडी होती. नागापूरच्या एमआयडीसीत मी पाण्याच्या टाक्या पाहिल्यात, पत्रे पाहिलेत, एकदा तर अख्खा तेलाचा घाणा जाताना पाहिलाय. होडी पहिल्यांदाच. पांढरीशुभ्र, निमुळती, आणि नाक इतकं लांब की ते टेम्पोच्या बाहेर येऊन आमच्या पाटीला लागलं होतं.

टेम्पोतून एक उंच, सडसडीत तरुण उतरला. त्याने आधी होडीच्या नाकावरून हात फिरवून पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"लागलं नाही ना?" त्याने विचारलं.

"होडीला? नाही, सुखरूप दिसतेय."

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही, म्हणजे... तुम्हाला. सॉरी. मी वरद. शेजारची शेड घेतलीय मी."

"होड्या बांधायला? इथे?"

"होड्याच. शिडाच्या."

"गाव कुठलं तुमचं?"

"पारनेर."

मला हसू आवरेना. टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यातला हा माणूस, आणि होड्या बांधतो! "पारनेर आणि पाणी?" मी म्हटलं.

"आम्हालाच त्याची ओढ जास्त," तो म्हणाला, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून हसला. भांडण करायचं होतं हे मी विसरले. पाटी त्यानेच परत लावली, तीही किंचित तिरकी. मी ती सरळ केली नाही.

माझं नाव देवश्री. आमच्या घरात तीन पिढ्या शाळामास्तर. मी एकटीच सीटा शिवते. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, जेसीबीच्या. खाजाभाई माझे उस्ताद आणि आता भागीदार. त्यांच्याकडून एक पद्धत मी उचललीय. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला ओल्या वाळूने भरलेल्या चौकटीत बसवायचं. उठल्यावर वाळूत ठसा उमटतो, आणि भार कुठे येतो, कुठे टोचतं, सगळं तिथे दिसतं. माणूस बोलतो एक. बसतो मात्र खरं. त्यामुळे मला माणसं चेहऱ्यावरून फारशी कळत नाहीत, बसण्यावरून कळतात.

आठवड्याने वरद गाद्या मागायला आला.

"पातळ हव्यात. पापडासारख्या," तो म्हणाला. "गादी आहे हे दिसलंच नाही पाहिजे. होडीची रेष बिघडते."

"आधी वाळूत बसा."

"मी? इथे? सगळ्यांसमोर?"

"खाजाभाई, तोंड फिरवा जरा," मी म्हटलं. खाजाभाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हसत होते.

वरद बसला. अगदी कडेला, जागा अडवायची नाही अशा बेताने, पाठ ताठ. कितीतरी वर्षांत कुणी त्याला नीट टेकून बस म्हणालंच नसावं, असा. का कोण जाणे, मला त्याची माया आली.

मग मापं घ्यायला मी त्याच्या होडीत गेले. जमिनीवर ठेवलेल्या होडीत आम्ही समोरासमोर बसलो. ती इतकी अरुंद की गुडघ्याला गुडघा लागला. दोघांनीही पाय मागे घेतले... आणि मागे घ्यायला जागाच नव्हती.

"अरुंद आहे," मी म्हटलं.

"देखणी आहे," तो म्हणाला. तो होडीकडे बघत नव्हता.

त्यानंतर रोज दुपारचा चहा आमच्याकडेच व्हायला लागला. वरदने दोन वर्षं गोव्यात होड्यांच्या कारखान्यात काढली होती, मग पुण्यात एका कंपनीत ड्रॉइंगं काढली, आणि एक दिवस ते सोडून इथे आला. भंडारदऱ्याला दमयंतीबाईंचं पर्यटक निवास होतं, तलावाच्या काठाला. त्यांनी होडीचा फोटो पाहिला होता आणि त्या बेहद्द खूश होत्या. प्रत्यक्ष पाहून पसंत पडली तर अशा सहा होड्या घेणार होत्या.

"आणि नाही पडली तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तर पुणे. जुनी कंपनी परत बोलावतेय. मी त्यांना दमयंतीबाई येऊन जाईपर्यंत थांबा म्हटलंय."

चहा एकदम गोड लागेनासा झाला. मला हा माणूस इथे हवा होता. शेजारच्या शेडमध्ये, दुपारच्या चहाला, माझ्या तिरक्या पाटीखाली. हे मी स्वतःशी त्या दिवशी स्पष्ट कबूल केलं.

गणपती नुकतेच गेले होते आणि राहुरीजवळचं मुळा धरण काठोकाठ भरलं होतं, तेव्हा आम्ही होडी पाण्यात घातली. वारा छान होता. शीड भरलं, आणि ती पांढरी होडी एका बाजूला कलून अशी निघाली की काठावरचे लोक मोबाईल काढून धावले. जाळं दुरुस्त करत बसलेले धरणावरचे मासेमार भिमाजी तर उभेच राहिले. "लई झ्याक हाय वो," ते ओरडले.

झ्याक होतीच. पण मी आत बसले होते. होडीचा काठ बुटका, पाठीला टेकू नाही. पातळ गादीखालून तळ टोचत होता. होडी कलली की घसरू नये म्हणून बोटं पांढरी होईपर्यंत मी कड धरून ठेवली होती. दर वळणाला शिडाखालची आडवी दांडी डोक्यावरून जायची आणि मी मान खाली घालायची. वरदच्या चेहऱ्यावर वारा होता, ऊन होतं, आणि इतका आनंद होता की बघवत नव्हता.

"कशी वाटली?" काठाला लागल्यावर त्याने विचारलं.

"सुंदर," मी म्हटलं.

"आणि बसायला?"

'छान' एवढंच म्हणायचं होतं. दमयंतीबाई फोटोवर भाळलेल्या. सहा होड्या. मी गप्प राहिले असते तर तो राहिला असता. पण तो माझ्याकडे असा बघत होता, जणू माझ्या शब्दावरच तो पुढचं सगळं ठरवणार होता... आणि मला खोटं बोलता येईना.

"होडी देखणी आहे," मी म्हटलं. "पण मी परत हिच्यात बसणार नाही. कंबर मोडली माझी."

राहुरीहून नागापूरपर्यंत टेम्पोत आम्ही तिघं होतो, मी, तो आणि ड्रायव्हर. एकटा ड्रायव्हर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून कटरचा आवाज आला. मी हातातली कात्री टाकून धावले. वरदने होडीचा वरचा सगळा काठ कापून काढला होता.

"अहो, हे काय करताय? दमयंतीबाई येणार आहेत."

"मग मदत करा," तो म्हणाला. "पाठ किती उंच हवी?"

"वरद, त्यांना फोटोतली होडी हवीय. माझं ऐकू नका. मी सीटा शिवणारी बाई, मला होडीतलं काय कळतं?"

"तुम्ही परत बसणार नाही म्हणालात." त्याने डोळ्यांवरचा चष्मा वर केला. सगळ्या तोंडावर फायबरची पांढरी पूड. "ते... मला चालणार नाही."

मी वाळूची चौकट आणायला गेले.

काठ वीतभर वर गेला आणि बाहेर झुकला. बैठका रुंद झाल्या, पाय रोवायला पट्टी आली, डोलकाठीवरची दांडी वर चढली. खाजाभाईंनी गाद्या शिवल्या, चांगल्या जाड. "बेटी, ही होडी आता खात्यापित्या घरची दिसते," ते म्हणाले. खरंच होतं. निमुळतेपण गेलं होतं, पोट सुटलं होतं. वरद मधूनच लांब जाऊन तिच्याकडे बघायचा आणि एक सुस्कारा दाबायचा. मला ऐकू यायचा.

दमयंतीबाई धरणावरच आल्या. साठीच्या, हसऱ्या, केसांत गजरा. त्यांनी होडीकडे पाहिलं, मग हातातल्या मोबाईलकडे, मग परत होडीकडे.

"ही तीच?"

"तीच," वरद म्हणाला. "बसून बघा."

बसल्या. तासभर फिरल्या. उतरताना म्हणाल्या, "पाठ एकदाही दुखली नाही रे बाबा. घरच्या झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटलं." माझा श्वास मोकळा झाला. मग त्यांनी वरदच्या हातावर हात ठेवला. "पण मी तुला खोटी आशा लावत नाही. माझ्याकडे येणारी पोरं होडीत दहा मिनिटं बसतात, ती फोटोसाठी. मला ती पहिलीच हवी होती. परत तशी करून देशील?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. हो म्हण आणि राहा.

"नाही जमणार," वरद म्हणाला. शांतपणे, त्यांचा मान ठेवून. "आता मला तशी बांधताच येणार नाही, काकू."

त्यांनाही वाईट वाटलं, पण त्या गेल्या. जाताना मला जवळ घेऊन पाठीवर हात फिरवून गेल्या. आम्ही दोघं काठावर उरलो.

"चला," वरद म्हणाला. "तुम्ही अजून हिच्यात बसलाच नाहीत."

आम्ही बरेच आत गेलो, आणि मध्यावर वारा पडला. अगदी पडला. शीड लोंबायला लागलं. पाणी गुळगुळीत, लांबवर राहुरीकडची ऊसशेतं, आणि आवाज म्हणून फक्त एका टिटवीचा. मी मागे टेकले. पाठ बरोबर जिथे हवी तिथे टेकली. वरद समोर होता, आणि पहिल्यांदाच तो सगळा अंगभर बसला होता. कडेला नाही. ताठ नाही.

"मी खोटं बोलले असते तर तुम्ही राहिला असतात," मी म्हटलं.

"राहिलो असतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही परत कधी होडीत आला नसतात. मग सहा होड्यांचं मी काय केलं असतं?"

"कंपनीला काय कळवणार?"

तो पाण्याकडे बघत राहिला. "काय कळवू?"

मी तोंडाची फटकळ आहे. एरवी माझ्याकडे शब्दांना तोटा नसतो. त्या वेळी दोनच सापडले.

"जाऊ नका."

"होडी विकली गेली नाही, देवश्री."

"माहीत आहे. माझ्याकडे सीटांचं काम आहे, हात कमी पडतात. एखादी होडी घेणारं कुणीतरी भेटेल, नाहीतर नाही भेटणार. पण तुम्ही जाऊ नका... मला तुमच्याशिवाय चहा जात नाही."

तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्याने खटपट केली नाही. "मला तर पाटी पडली त्या दिवसापासून..." म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याने हात पुढे करून सांगितलं. मी हात दिला. त्याच्या बोटांना अजून फायबरचा खरखरीतपणा होता. गुडघ्याला गुडघा लागला. आता मागे घ्यायला भरपूर जागा होती. कुणीच घेतला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन पिवळं झालं. काठावरून भिमाजींचा आवाज पाण्यावरून अगदी स्पष्ट आला.

"अवो, वारं न्हाई! अडाकला व्हय तुमी? मोटारीची होडी घिऊन येऊ का?"

वरदने माझ्याकडे पाहिलं. मी ओंजळीचा भोंगा केला आणि ओरडून सांगितलं,

"नको, काका. आम्ही बसलोय."