काकासाहेबाच्या पोटऱ्या

भिंतीवर एक डोकं उगवलं… आणि मावळलं.

मी कात्री खाली ठेवली. टेंभुर्णीत, दुर्गाबाईंच्या शिवणक्लासच्या अंगणात, हिवाळ्यातल्या दुपारी डोकं उगवायचं काही कारण नव्हतं. भिंतीपलीकडे तालीम होती. पण पैलवान सकाळी शड्डू ठोकतात आणि दुपारी झोपतात. डोकं पुन्हा उगवलं. केस तेलानं चप्प, चेहरा एकदम गंभीर. थेट माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मावळलं.

आपल्यावर कुणीतरी भाळलंय असं वाटून मी आधी चिडले, मग वेणी पुढे घेतली, मग परत चिडले. शेवटी भिंतीपाशी पडलेल्या विटेवर चढले, टाचा उचलल्या आणि पलीकडे डोकावले. तेव्हा नेमका तो खाली होता.

“लाज न्हाई वाटत, पोरींच्या क्लासात बघून राह्यला ते?”

तो वर आला. “मी बघून न्हाई राह्यलो. पोटऱ्या—” खाली. वर. “—वाढवून राह्यलो.”

प्रेमातली माझी पहिली निराशा ही अशी झाली.

त्याचं नाव काकासाहेब. वय एकवीस. एकवीस वर्षांच्या मुलाला लाडानं काय म्हणावं, हा प्रश्न या नावानं कायमचा मिटवला होता. माझं नाव सोनूबाई. पुढची म्हण सगळ्यांना पाठ असते आणि सगळे ती म्हणून दाखवतात. तो फक्त “बरं नाव आहे” म्हणाला आणि खाली गेला. ती म्हण अर्धी सोडणारा पहिला माणूस!

कंबरेच्या वर तो पैलवान होता. गुडघ्याखाली मात्र ज्वारीचं धाट. त्याला औरंगाबादला पोलीस भरतीला जायचं होतं आणि पोलिसाला तेव्हा हाफपँट असायची. कडूबा वस्ताद म्हणायचे, “बहात्तरच्या दुष्काळात ह्याचं खालचं पीक गेलं.” त्यांनी त्याच्या पोटरीला काळा दोरा बांधला होता. पोटरी भरली की दोरा तुटणार, दोरा तुटला की काकासाहेब भरतीला जाणार. तोवर रोज दुपारी भिंतीलगतच्या पायरीवर, टाचा अधांतरी ठेवून, वर-खाली. दूध झालं, अंडी झाली, करडीच्या तेलाची मालिश झाली. बाकीचं सगळं अंग खूश झालं. पोटऱ्या ढिम्म.

म्हणजे दोरा तुटला की भिंतीवरचं हे डोकं जाणार, एवढं मला कळलं. मी रोज मारुतीला सांगायचे, त्याचा दोरा तुटू दे. घरी पोचेपर्यंत मन बदलायचं, मग लांबूनच हात जोडून सांगायचे, नको तुटू दे. मारुती ब्रह्मचारी. त्यालाही यातलं काही कळत नसणार.

काकासाहेब वर आला की बोलायचा आणि खाली गेला की आकडे मोजायचा. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य मधोमध तुटायचं.

“सोनूबाई, तुझ्याबिगर माझा—”

खाली. माझ्या छातीत शिवणयंत्र सुरू झालं.

“—आकडा चुकत न्हाई. तू दिसली की चुकतो.”

हे प्रेम आहे की तक्रार?… मी रात्रीच्या भाकरी थापताना त्याचाच विचार करायचे आणि भाकरी त्रिकोणी व्हायची.

त्यात मी टाचा उचलाव्यात तर तो खाली. तो वर यावा तर मी दमून खाली. दुर्गाबाई ओट्यावरून ओरडायच्या, “सोने, भिंतीला अस्तर लावून राह्यली का?”

संक्रांत झाली, आणि एका दुपारी डोकं आलंच नाही. नुसता आवाज आला.

“हा दोराच बोगस आहे. दोरा न्हाई, वायर आहे वायर! तू शिवती ना? बघ बरं.”

खड्याला गुंडाळलेला दोरा माझ्या पायाशी पडला. चांगला साधा सुती दोरा होता. वस्तादांनी मापाच्या दोन गाठी मारलेल्या. दुर्गाबाई बटणं निवडता निवडता पेंगत होत्या. मी साडी जराशी वर केली आणि दोरा स्वतःच्या पोटरीला गुंडाळला. गाठीला गाठ मिळेना. ओढून ताणून कशीबशी मिळवली आणि दोरा बांधला.

“काय दिसलं?” पलीकडून हाक आली.

सवयीनं मी विटेवर चढले, टाचा उचलल्या—

टप्.

“कशाचा आवाज आला?”

“तुटला.”

“दोरा? कुठं?”

“…माझ्या पायात.”

मग डोकं हळूहळू वर आलं. “तुझ्या पोटऱ्या कशानं भरल्या? मशीननं?”

“आमचं मशीन हाताचं आहे.”

“मंग?”

“भिंत उंच आहे,” मी म्हणाले. “आन् तू रोज येतो.”

त्याला समजायला वेळ लागला. समजत समजत त्याचे कान लाल झाले, आणि तो खाली निघाला.

“खाली जाऊ नको! आज पुरं बोल.”

तो थांबला. चवड्यांवर, थरथरत. मीही थरथरत. दोघं एकाच वेळी वर, असं पहिल्यांदाच झालं होतं. त्याच्या उजव्या भुवईत एक तीळ आहे, हे मला तेव्हा दिसलं.

“दोरा तुटला की जायचं, असं वस्ताद म्हनले. कुनाच्या पायात तुटला पायजे, ते न्हाई म्हनले. मी जाईन भरतीला. पन आधी सांच्याला तुझ्या बापाकडं येईन, आन् बराबर सांगीन, मला पोटऱ्या न्हाईत, पन मला सोनूबाई—”

त्याचे डोळे मोठे झाले. डोकं नाहीसं झालं.

“आला! सोनूबाई, गोळा आला!”

आवाजावरून हा आनंद आहे की दुखणं, तेही कळेना. मी भिंतीला वळसा घालून पळाले. तालमीत बायकांनी जायचं नसतं, म्हणून दारात थांबले. तो एका पायावर उड्या मारत आला आणि उंबऱ्यावर बसला. पोटरीत लिंबाएवढा गोळा. मी त्याच्या पायाचा अंगठा धरून ओढला.

“सोनूबाई काय?” मी विचारलं.

“हळू ओढ… सोनूबाईच पायजे.”

गोळा विरघळला. पोटरीचं पुन्हा धाट झालं. आम्ही दोघांनी ते जरा वेळ पाहिलं. मग त्यानं भिंतीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हे दार,” तो म्हणाला, “पयल्यापासून इथंच होतं का?”