झावळ्यांखालची फुलवात

मी फुलवात पेटवली, हात जोडले, डोळे मिटले... आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो! अहो मॅडम! हे काय करताय?"

मराठीत! दुबईच्या देरा भागातल्या त्या जुन्या हॉटेलात, 'कोरल हट'च्या अंधाऱ्या हॉलमध्ये — चक्क मराठीत!

डोळे उघडले. समोर चष्मा लावलेला एक तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात लाल अग्निशामक सिलिंडर, आणि सिलिंडरचं तोंड थेट माझ्या निरांजनाकडे.

"वर बघा," तो म्हणाला. "वर काय आहे?"

वर झावळ्या होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी दूरच्या कुठल्याशा बेटावरून जहाजाने आलेल्या, विणलेल्या, मधासारख्या रंगाच्या झावळ्यांचं अख्खं छत.

"आणि खाली दिवा! तुम्ही... तुम्हाला बोलता येत नाही का?"

येत होतं. पण नेम होता. तिन्हीसांजेला असेन तिथे एक फुलवात लावायची, आणि ती शांत होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग ते घर असो, साइट असो, की मेट्रो स्टेशनबाहेरचा बाक. मी बोट ओठांवर ठेवलं आणि ज्योतीकडे दाखवलं.

तो बिचारा सिलिंडर धरून तसाच उभा राहिला. ज्योत हलली की त्याची बोटं हलायची. मला हसू आवरेना... पण देवापुढे हसायचं कसं?

वात शांत झाली. मी नमस्कार केला. "हं, आता बोला."

"मी? मी मघापासून बोलतोच आहे!" मग चष्मा सारखा करत म्हणाला, "अग्निसुरक्षेत तुम्ही साफ नापास आहात, मॅडम."

आमची ओळख ही अशी झाली. तो सुजीत, फायर सेफ्टी कन्सल्टंट, मूळचा गुहागरजवळचा. आणि मी आभा, अल कुसैसमधल्या एका इंटिरिअर कंपनीत. दुबईत आल्यापासून माझ्या हातून एकच काम झालं होतं — जुनं पाडायचं, पांढरं जिप्सम लावायचं. 'कोरल हट'मध्येही मी पाडायच्या आधीची मापं घ्यायलाच आले होते.

पण त्या खोलीने मला धरून ठेवलं. बांबूच्या भिंती, जाळ्यांत लटकलेले हिरव्या काचेचे गोळे, फुगलेल्या माशांच्या कातडीचे दिवे, आणि दाराशी रुंद जिवणीचे, डोळे वटारलेले लाकडी पुतळे. कुठल्या बेटावरच्या लोकांचे हे पूर्वज, कुठल्या अमेरिकनाने त्यांची रेस्टॉरंटसाठी नक्कल केली आणि ती इथे वाळवंटात कशी आली, देव जाणे. पण त्यांना कुऱ्हाड लावायची माझी छाती होईना.

हॉटेलचे नवे मालक वासिफसाहेब मरीना या श्रीमंत वस्तीतून यायचे, घड्याळ बघत. मी हळू आवाजात तीनदा विनंती केली, तेव्हा वैतागून म्हणाले, "बेटी, छप्पर फायर टेस्ट पास करे तो रखो. नहीं तो खलास. प्लास्टिक का पत्ता लगा देंगे, किसको पता चलेगा?"

"मला कळेल ना," मी मराठीतच पुटपुटले.

मॅनेजर इद्रीसचाचा रत्नागिरीचे. त्यांनी ऐकलं आणि मान वळवून डोळे पुसले. जवानीत आले तेव्हापासून ते या छपराखाली उभे होते.

मी कामाला लागले. अग्निरोधक द्रावण आणलं, झावळ्यांवर फवारलं, सुकवलं. सुजीतने एक तुकडा कापला, ज्वाला लावली...

भुर्रकन पेटला.

खाली बसून राख गोळा करायला लागले. तोही शेजारी बसला. मग एकदम म्हणाला, "आमच्याकडे छपराचे झाप विणायच्या आधी माडाच्या झावळ्या पाण्यात बुडवून ठेवतात. चांगल्या मुरवतात. वरून शिंपडून कधी काही मुरतं का?"

मी मान वर केली. "इन्स्पेक्शन करणाऱ्याने असं सांगायचं असतं?"

"हे मी इन्स्पेक्शनवाला म्हणून नाही सांगत."

"मग... कोण म्हणून?"

त्याचे कान लाल झाले. "राखेचा हात चेहऱ्याला लागलाय तुमच्या," एवढंच म्हणाला आणि रुमाल पुढे केला.

मग सुरू झाला आमचा खटाटोप! एकेक झाप नंबर घालून उतरवायचा, अल कुसैसच्या गोदामात द्रावणाच्या मोठ्या टाक्यांत बुडवायचा, दगड ठेवून दाबायचा, आणि मुरला की सावलीत वाळवायचा. सुजीत सुट्टीच्या दिवशी यायचा, अस्तन्या दुमडून. त्याच्या अंगाला ओल्या पाल्याचा वास यायचा, आणि मला उगाचच गावाकडचा खाडीकाठ आठवायचा...

"शुक्रवारची सुट्टी आहे. मित्र बीचवर गेलेत," तो एकदा म्हणाला.

"मग जा ना तुम्हीही."

"इथेच बीच आहे की! बेटावरच्या झावळ्या, टाकीभर पाणी. फक्त तुमची एकादशी म्हणून शहाळी तेवढी दोन आणलीत."

संध्याकाळ झाली की मी डब्याच्या झाकणात निरांजन ठेवायचे. तो न सांगता पाल्याचा ढीग लांब सरकवायचा, पाण्याची बादली भरून आणायचा, आणि माझ्या मौनाचा पुरेपूर फायदा घ्यायचा. आईशी भांडण, ऑफिसातला बॉस, करपलेली आमटी — सगळं सांगून टाकायचा. "तुमच्याइतकं नीट कुणी ऐकत नाही," म्हणायचा. वात शांत झाली की तोही गप्प व्हायचा, लाजून.

इद्रीसचाचा गालात हसायचे. "आमच्या मगरिबची अजान आणि तुझी वात, वेळ एकच हो आभाबेटा. आणि या पोराची यायची वेळपण तीच!"

शेवटी परीक्षेचा दिवस आला. हॉल रिकामा केलेला, मधोमध लोखंडी चौकटीवर एक झाप टांगलेला. वासिफसाहेब उशिरा आले, ते घाईतच. "यल्ला, यल्ला."

सुजीतने गॅसचा बर्नर उचलला. कळ दाबली. ठिणगी पडेना. पुन्हा दाबली... छे! त्याच्या कपाळावर घाम. "दुसरा गाडीतही नाही," तो ओशाळून म्हणाला.

"हबीबी," वासिफसाहेब दाराकडे वळले, "ये भी ऊपरवाले का इशारा समझो. प्लास्टिक."

त्याच क्षणी शेजारच्या मशिदीतून अजान सुरू झाली. तिन्हीसांज. माझे हात आपोआप पिशवीत गेले. फरशीवर झाकण ठेवलं, निरांजन ठेवलं, पेटीतली शेवटची काडी ओढली. वात लागली, आणि माझे ओठ मिटले.

सुजीतने माझ्याकडे पाहिलं. मग बर्नर घेऊन गुडघ्यावर बसला. "घेऊ का... यावरून?"

देवाच्या दिव्यावर साधी उदबत्तीही पेटवू नये, असं आमच्या घरी सांगतात. मी ज्योतीकडे बघितलं. मग त्या वटारलेल्या डोळ्यांच्या लाकडी पूर्वजांकडे. त्यांच्याच छपरासाठी मागतोय ना तो? मी मान हलवली.

माझ्या इवल्याशा फुलवातीवरून बर्नर फुत्कारला, निळाशार. सुजीतने तो झापाला लावला. आता पेटेल... आता...

पान काळं पडलं. धूर निघाला. कडा आक्रसली. ज्वाला मात्र धरेना! त्याने बर्नर बाजूला घेतला, आणि त्या काळ्या डागातली शेवटची ठिणगीसुद्धा आपली आपण विझून गेली.

"पास!" सुजीत ओरडला. "साहेब, पास!"

वासिफसाहेबांनी जवळ येऊन झाप चाचपला. फरशीवरच्या निरांजनाकडे एकदा बघितलं, छताकडे बघितलं. "रहने दो," ते म्हणाले. "सब रहने दो. जैसा है वैसा." इद्रीसचाचा दाराच्या पुतळ्याला मिठी मारून उभे राहिले. मग डोळे पुसत वासिफसाहेबांबरोबर नमाजला गेले.

मला आनंदाने ओरडायचं होतं. पण वात अजून जळत होती.

सुजीत समोर येऊन बसला. बर्नर बाजूला ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आभा," तो म्हणाला. मॅडम नाही — आभा! "आत्ताच विचारतो. म्हणजे लगेच 'नाही' म्हणता येणार नाही तुम्हाला... माझ्याशी लग्न कराल?"

माझी नजर निरांजनावर. तूप अजून बरंच होतं.

आणि तेवढ्यात वरचा एसी सुरू झाला. गार झोताने ज्योत आडवी झाली, फडफडली. ती विझली असती तर मी बोलू शकले असते. त्याला उत्तर तेव्हाच मिळालं असतं.

पण त्याने झटकन दोन्ही तळवे पुढे केले आणि ज्योतीभोवती आडोसा धरला.

पहिल्या दिवशी सिलिंडर रोखणारे तेच हात. आता त्यांच्या बोटांतून सोनेरी उजेड झिरपत होता. चटका बसत असणार... तरी त्याने हात हलवले नाहीत. वात पुरी जळेपर्यंत तो तसाच बसून राहिला.

ज्योत लहान झाली. निळी झाली. आपल्या वेळेला, आपल्या मनाने शांत झाली.

मी नमस्कार केला. त्याचे गरम तळवे माझ्या हातात घेतले.

"हो," मी म्हटलं.