भेगा मोजणारा माणूस

"समोरचा दरवाजा दुपारी बंद असतो. मागून जा," तो म्हणाला.

जुन्या मशिदीच्या पायऱ्यांवर मी चपला काढत होते. न विचारता मदत करणारा माणूस मला खपत नाही. विम्याचे खोटे दावे पकडायची माझी नोकरी. कुणी गोड बोललं की माझे कान टवकारतात.

"गाईड नकोय मला."

"मी आहे असं कुठे म्हटलं?" तो हसला… आणि मागच्या दारानं आत निघून गेला.

चार दिवसांची सुट्टी काढून मी त्या जुन्या शहरात एकटीच आले होते. तासाभरानं चर्चमध्ये गेले. रंगीत काचांमधून निळा उजेड बाकांवर सांडला होता. आणि खांबाजवळ — तोच. माझ्या दिशेनं बघून वहीत काहीतरी लिहीत होता.

दुसऱ्या दिवशी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये तो होता. संध्याकाळी नदीकाठच्या देवळातही.

वहिनीला फोन केला. "एक माणूस माझ्या मागावर आहे."

"दिसायला कसा आहे?"

"पोलिसांना सांगायला विचारतेस?"

"नाही गं, सहजच."

तिसऱ्या दिवशी मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. सगळे प्रवासी मशिदीपासून सुरुवात करतात. मी भल्या सकाळी थेट देऊळ गाठलं. ओल्या फरशीवर कोवळं ऊन पसरलं होतं, आणि खांबाला टेकून… तो.

आता मात्र हद्द झाली. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"वही दाखवा."

त्यानं मुकाट्यानं दिली. पानभर आकडे होते.

"भेगा मोजतो मी," तो म्हणाला. "या चारही इमारतींच्या भिंतींना तडे गेलेत. ते किती वाढतात, याची रोज नोंद ठेवतो. त्या दिवशी चर्चमध्ये तुम्ही नेमक्या भेगेपुढे उभ्या होतात."

मी पानं मागे उलटत गेले. सहा महिने एकच क्रम — मशीद, चर्च, सिनेगॉग, देऊळ. एकाही दिवसाचा अपवाद नाही. फक्त आज देऊळ पहिलं.

"आणि हे?" मी बोट ठेवलं.

त्याचे कान लाल झाले. "काल तुम्ही पुजाऱ्यांना विचारत होतात, सकाळचं ऊन आत कधी येतं म्हणून… मी ऐकलं."

"म्हणजे मागावर होतात."

"दोन दिवस नव्हतो. आज… आहे." त्यानं मान खाली घातली. "तुम्हाला आवडलं नसेल, तर मी जातो."

नोकरीच्या दहा वर्षांत पहिल्याच प्रश्नाला असं खरं बोलणारा मला कुणी भेटला नव्हता. मला रागवायचं होतं. त्याऐवजी वही मिटून त्याला परत दिली.

"महिन्याभरात भेग कितीशी वाढते?" मी विचारलं.

"केसाएवढी. कधी तेवढीही नाही."

"मग पुढच्या महिन्यात मला स्वतः येऊन बघावं लागेल. नुसत्या तुमच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवणार नाही."

"ठेवूच नका," तो हळूच म्हणाला आणि खिशातून भेगा बघायचं भिंग काढून माझ्यापुढे धरलं.

ते घ्यायला हात पुढे केला, तर त्याच्या बोटांना भिंतीचा चुना लागलेला दिसला. भिंग राहिलं बाजूला… मी ती बोटंच धरली. खात्री करून घ्यायला.