भाऱ्याला हात

जवळ सरका, पण मध्ये बोलू नका. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुजरली त्या लंबूबरोबर मी वीस वर्षं डोंगरावर गवत कापलंय.

मागच्या डिसेंबरची सतरा तारीख. गोठ्याच्या छपराला एक भारा कमी पडला, म्हणून लंबू दुपारी एकटाच वर गेला. डोंगरातलं हे गवत पेरावं लागत नाही. मुठीएवढं बुड राखून कापलं, की त्याच ठोंबाला दरवर्षी नवी पाती फुटतात. माणसाला ती सोय नाही.

लंबूची बायको त्याच्या कोपराएवढी. आम्ही चिडवायचो, "वहिनी, नवऱ्याशी बोलायला शिडी लागते का हो?" ती म्हणायची, "मी बोलले की तेच वाकतात, भाऊजी!" पण भारा उचलायला दुसऱ्याचा हात लागतोच. त्याच्या भाऱ्याला ती दगडावर चढून हात लावायची. दोन वर्षांपूर्वी, विळ्याला धार नाही एवढ्यावरून दोघांचं वाजलं. लंबू तणतणत पुढे निघून आला. मागे तिनं एकटीनंच भारा उचलला, तोल गेला, दरीत मेलेली सापडली. तेव्हापासून लंबू जेवायचा तोही नावापुरता.

त्या दिवशी भारा बांधून होईतो सात वाजून गेले. काळोख पडला. मोबाइलही बंद. भारा दोनदा उचलला, दोनदा गुडघ्यावरून घसरला. तिसऱ्यांदा त्याला रडूच फुटलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अगं, हात लाव ना."

मग भारा हलका झाला. आधी गुडघ्यावर... मग छातीशी... मग डोक्यावर. पलीकडे कुणाला तरी धाप लागली होती. टाचा उंचावून ओझं ढकलताना लागते तशी.

लंबूनं मागे पाहिलं नाही.

"त्या दिवशी थांबायला हवं होतं मी," तो म्हणाला. "चुकलो गं."

फक्त मागून पावलं. उतारभर. वस्तीचा पहिला दिवा दिसला, तशी तीही थांबली.

मी गोठ्यापाशीच होतो. भारा मीच उतरवून घेतला. बघतो तर खाली त्याच्या डोक्यावर चुंबळ. गवताची, घट्ट वळलेली, ओझं टोचू नये म्हणून बायका करतात तशी.

"ही कुणी करून दिली रे?"

लंबूनं हात वर नेला. चाचपलं. आणि चुंबळ उतरवून गोठ्यातल्या दिव्याखाली धरली.

डिसेंबरात अख्खा डोंगर वाळलेला असतो, पोरांनो. ती चुंबळ हिरवीगार होती.